धुरींच्या घरातला रिकामा रकाना

अकरावीच्या पहिल्या तासाला मी दरवर्षी एकच प्रश्न विचारायचो. "सोसायटी म्हणजे काय?" पुस्तक इंग्रजी, परीक्षा इंग्रजी, त्यामुळे प्रश्नही त्याच शब्दात. आणि दरवर्षी कुणीतरी हात वर करून ठरलेलं उत्तर द्यायचं, "रेशन मिळता ती, सर."

वर्ग हसायचा. मी मात्र कधी हसलो नाही, कारण उत्तर अगदीच चुकीचं नव्हतं. आमच्या गावांत सोसायटी म्हणजे रेशनचं दुकान. तिथं गावातला प्रत्येक माणूस कधी ना कधी पिशवी घेऊन उभा राहतो. कोण कुणाला पुढं जाऊ देतो, कोण नजर चुकवतो, कुणाला बसायला खुर्ची मिळते, हे तिथं अर्धा तास उभं राहिलं तर कळतं. समाजशास्त्राचं निम्मं पुस्तक त्या ओट्यावर असतं.

माझं सगळं आयुष्य हा विषय शिकवण्यात गेलं. घर गोव्यात पार्सेला, नोकरी डिचोली तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात. सकाळी पहिली बस म्हापशापर्यंत, तिथून दुसरी डिचोलीची. विज्ञानाला ज्यांना प्रवेश मिळाला नाही, वाणिज्याला ज्यांचा हिशेब जमला नाही, ती मुलं कला शाखेला यायची, आणि कला शाखेत आल्यावर समाजशास्त्र 'सोपं' म्हणून घ्यायची. सोपं वाटण्याचं कारण एवढंच की त्यातलं सगळं त्यांना आधीच माहीत असतं. आमच्या धंद्याची खरी अडचण तीच. रसायनशास्त्राचा मास्तर मुलांना न दिसलेली गोष्ट दाखवतो. आम्हाला रोज दिसणारी गोष्ट दाखवायची असते, आणि ती जास्त कठीण.

'विवाह ही एक सामाजिक संस्था आहे,' असं मी एकदा फळ्यावर लिहिलं, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "रजिस्टर केल्ली?" मी म्हटलं, "गोव्यात तरी हो." इथं लग्नाच्या आधी रजिस्ट्रारकडं जाऊन सह्या कराव्याच लागतात. संस्था म्हणजे कमिटी आणि बोर्ड नव्हे, हे समजावण्यात तो सगळा तास गेला.

दर्जा आणि भूमिका हा धडा मी पोदेराच्या उदाहरणानं शिकवायचो. सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर आजारी पडला आणि त्याच्या सायकलीवर त्याचा भाऊ आला. भोंपू तोच, टोपली तीच, वेळ तीच. बायका बाहेर आल्या, पावाचे उंडे घेतले, आत गेल्या. माणूस बदलल्याचं काहींच्या लक्षातही आलं नाही. म्हणजे गावाला पोदेर हवा असतो. त्याची जागा म्हणजे दर्जा, आणि त्या जागेवर बसून त्यानं जे करायचं ती भूमिका. मुलांना हे पटकन समजायचं. त्यानंतर मी घरचा अभ्यास द्यायचो. वहीत रकाने आखा, घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव घाला, आणि समोर त्याच्या भूमिका लिहा.

निकिता धुरीची वही माझ्यापुढं आली ती अशाच एका वर्षी. धुरी कुटुंब मूळचं सिंधुदुर्गातलं, दोडामार्गाकडचं. वडील भिकाजी धुरी तरुणपणी इकडं खाणीवर ट्रक चालवायला आले आणि इथंच राहिले. डिचोलीजवळच्या एका गावात, एकाला एक लागून असलेल्या खोल्यांच्या रांगेत त्यांचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. आई शैला काजूच्या फॅक्टरीत जायची. निकिता एकुलती एक.

निकितानं आईच्या नावापुढं सात ओळी लिहिल्या होत्या. स्वतःच्या नावापुढं चार. वडिलांच्या नावापुढचा रकाना रिकामा होता. मी लाल पेनानं त्यावर 'अपूर्ण' लिहिलं आणि वही परत केली.

मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दाराशी आली. तशी ती अबोल मुलगी.

"सर, ता अपूर्ण नाय," ती म्हणाली. "तसाच आसा."

"म्हणजे?"

"खाण बंद झाली तेवापासून बाबा कायच करणत नाय. बसान आसतत."

त्या काळात खाणी बंद पडल्या होत्या. रस्त्यावरची लाल धूळ बसली, झाडांची पानं पुन्हा हिरवी दिसायला लागली, आणि घराघरात पुरुष बसून राहिले. हे मला ठाऊक होतं, रोज बसच्या खिडकीतून दिसत होतं. ताडपत्री टाकून उभे केलेले ट्रक, बांधावर गप्प बसलेली माणसं. पण वर्गात समोर बसलेल्या मुलांशी मी त्याचा संबंध जोडला नव्हता. दुसऱ्यांना रोजचं जग नीट बघायला शिकवणारा मी, आणि एका रिकाम्या रकान्यावर लाल शाईनं शेरा मारून मोकळा झालो होतो. यापूर्वी असे किती रकाने मी 'अपूर्ण' ठरवले असतील, कुणास ठाऊक. त्या मुलांची नावंही आता आठवत नाहीत. ही खंत मनात राहिली आहे.

मी तिची माफी मागितली. तिला त्याचं नवल वाटलं असावं, कारण ती घाईनं निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी धडा पुढं नेला नाही. वर्गाला सांगितलं, आता नवा अभ्यास. घरातलं कोणतंही एक माणूस निवडा आणि एक पूर्ण दिवस त्याच्याकडं बघा. ते उठल्यापासून काय काय करतं ते वेळेसकट लिहा. पैशांबद्दल काही विचारायचं नाही. मत लिहायचं नाही. 'आळशी आहे', 'बिचारा आहे' असलं काही नको, फक्त जे दिसलं ते. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम, बघणाऱ्यानं त्या दिवशी कुठल्याही कामाला हात लावायचा नाही. बघणारा मध्ये पडला की समोरचं बदलतं.

यावर मुली खूश झाल्या. एक दिवस काम न करण्याचं शाळेकडून लेखी कारण मिळालं होतं.

निकितानं वडिलांना निवडलं. मी तिला काही सुचवलं नव्हतं.

त्या आठवड्यात शाळेला एक सुट्टी होती, पण फॅक्टरी चालू होती. एरवी सुट्टीच्या दिवशी दुपारचं जेवण निकिता करायची. शाळेच्या दिवशी ती दोनला घरी यायची तेव्हा भात, आमटी तयार असायची. आई पहाटे करून जाते, असं ती धरून चालली होती. आईनं तसं कधी सांगितलं नव्हतं, पण नाकारलंही नव्हतं.

त्या दिवशी ती वही घेऊन उंबऱ्याजवळ बसली. वडील चारलाच उठलेले होते. ट्रकच्या रांगेत पहिला नंबर लागावा म्हणून इतकी वर्षं चारला उठायची सवय, ती खाणीबरोबर बंद पडली नव्हती. त्यांनी पाणी भरलं. शेजारच्या म्हातारीची पाण्याची मोटर चालत नव्हती, ती उघडून साफ करून दिली. नंतर बराच वेळ बाहेर बसून राहिले. वहीत तिनं लिहिलं होतं, 'साडेआठ ते अकरा. बसले. दोन वेळा रस्त्यापर्यंत जाऊन आले.'

अकरा वाजता ते आत आले आणि तिच्याकडं बघत उभे राहिले. ती उठून स्वयंपाकाला लागेल अशी त्यांची अपेक्षा. ती उठली नाही.

"आज रांदूचा नाय?" त्यांनी विचारलं.

"सरांनी हात लावक नको म्हणून सांगला हा. माका फक्त लिवचा आसा."

मग त्यांनी पुढचं दार लोटलं, कडी लावली. रस्त्याकडची खिडकी ओढून घेतली. फळीवरून एक टोप काढला, त्यात वाटण तयार होतं. गॅस पेटवला, भाताचं पाणी ठेवलं, बांगडे काढून मीठ लावलं, सोलं भिजत घातली. कोणती वस्तू कुठं आहे हे त्यांना शोधावं लागत नव्हतं. निकिता वहीत वेळ लिहायची विसरली. गेली दोन वर्षं आपण कुणाच्या हातचं जेवतोय, हे तिला त्या टोपातून निघणाऱ्या वासावरून कळलं, कारण तो वास रोजचाच होता.

"वाटण कधी केल्यात?" तिनं विचारलं.

"फाटफटी. मिक्सर तुजी आवस घरात असताना लावचो. आवाज भायर जाता."

"आणि वास जाता तो?"

"वास गेलो तरी चलता," ते म्हणाले. "वासात हात दिसणत नाय."

हे सगळं तिनं जसंच्या तसं लिहिलं. दुसऱ्या दिवशी वही माझ्या हातात देताना त्या पानाचा कोपरा तिनं दुमडला होता.

मी ते पान उभ्या उभ्या वाचलं, दोनदा वाचलं. इतकी वर्षं ज्या धड्यासाठी मी पोदेर आणि सायकल वापरत होतो, तो धडा एका सोळा वर्षांच्या मुलीनं आपल्या घरातून आणला होता. भूमिका होती, काम रोज होत होतं, फक्त त्याला जागा नव्हती. आनंदाच्या भरात मी वर्गात जाऊन सांगितलं, "उद्या निकिता आपलं निरीक्षण वाचून दाखवेल." तिला विचारलं नाही. तिच्या चेहऱ्याकडं बघितलंही नाही. मास्तराला चांगलं उदाहरण सापडलं की त्याला हाव सुटते, हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं. ते कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी.

पहिल्या तासाच्या आधी भिकाजी धुरी शाळेत आले. इस्त्री केलेला शर्ट, पायात चामड्याची चप्पल. स्टाफरूममध्ये मी एकटाच होतो. मी बसा म्हटलं, ते बसले नाहीत.

"सर, माज्या घराची कडी तुमी कित्याक काडतास?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "माजा चेडू काल रातीचा जेवूक नाय. म्हणता, सरांनी सांगला तर वाचूकच व्हया. माजा रांदप तुमी पोरांक वाचून दाखवतलास?"

मी म्हटलं, "माझी चूक झाली. तिला न विचारता मी वर्गात सांगितलं, आणि तुम्हालाही विचारायला हवं होतं. ते पान वाचलं जाणार नाही. वही तुम्ही घेऊन जा."

भांडायला आलेल्या माणसाला समोरच्यानं चूक कबूल केली की काय करावं ते सुचत नाही. त्यांनी वही घेतली, दुमडलेलं पान उघडलं आणि उभ्यानंच वाचू लागले. बराच वेळ लागला. मग एका ओळीवर बोट ठेवलं.

"हय चूक आसा. 'बाबांनी लपून जेवण केलं.' लपान नाय. चोर लपान करता. मी दार लावन करतंय."

"बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं. "तिनं मत लिहिलं. मी सांगितलं होतं फक्त दिसलं ते लिहा."

त्यांनी वही मिटली, पण निघाले नाहीत. "हो विषय शिकून होतला काय?" त्यांनी विचारलं. "चेडू शिक्षक झाला, नर्स झाला तर समाजता. ह्या काय?"

नोकरीच्या दृष्टीनं खरं उत्तर द्यायचं तर फारसं काही नाही. पण ते मी दिलं नाही. मी म्हटलं, "धुरी, मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही. वर्गातल्या सगळ्या वह्या मी काल रात्री वाचल्या. असं दार लावून रांधणारं तुमचं एकच घर नाही."

ते बसले.

"किती?"

"आणखी तीन वह्यांत आहे."

"आमच्या वाड्यारचे?"

"ते सांगू शकत नाही. तुमचंही त्यांना सांगणार नाही."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. पटांगणात प्रार्थनेसाठी मुलं रांगा करत होती. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं, हसू म्हणता येईल असं.

"म्हणजे मी ज्येका भिवन दार लावतंय," ते म्हणाले, "तो माका भिवन लावता."

समाजातले नियम कुणी केलेले नसतात आणि तरी सगळे पाळतात, कारण प्रत्येकाला वाटतं की बाकीच्यांना ते मान्य आहेत. हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. मुलं ते उतरवून घेत, परीक्षेत लिहीत, विसरून जात. ट्रक चालवणाऱ्या या माणसानं ते एका ओळीत सांगितलं, आणि मला वाटलं की आता खडू त्यांच्या हातात द्यावा.

उठताना त्यांनी वही माझ्यासमोर ठेवली. "वाचांदे तेका. पण नाव नको. आणि ता 'लपून' खोडा."

मी निकिताला बाहेर बोलावून विचारलं, या वेळी नीट विचारलं. तिनं मान हलवली, पण स्वतः वाचायला नको म्हणाली. मग मीच वाचलं, 'एका घरातला दिवस' म्हणून. 'वासात हात दिसणत नाय' हे वाक्य आलं. कुणी हसेल या भीतीनं मी कागदावरून नजर वर केली नव्हती. कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, आमगेरय तशेंच." मग आणखी एकजण. तिसऱ्या वहीतली मुलगी बोलली नाही, आणि मी तिच्याकडं बघितलं नाही. तेवढं मी तोवर शिकलो होतो.

यानं एका दिवसात काही बदललं नाही. माणसं बसून राहिली, ट्रक ताडपत्रीखालीच राहिले. पण काही आठवड्यांनी, शाळेच्या एका सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, हजेरी घेऊन झाल्यावर, निकिता टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, "सर, काल बाबांनी मिक्सर अकरा वाजता लायलो."

एवढंच सांगून ती जागेवर जाऊन बसली. माझ्या नोकरीत मला मिळालेल्या शाबासक्यांमध्ये मी तिचं हे वाक्य सगळ्यात वर ठेवतो.

पुढच्या वर्षी भिकाजी धुरींना एका शाळेच्या बालरथावर, म्हणजे मुलांच्या बसवर, ड्रायव्हरचं काम मिळालं. सकाळी मुलांना पोचवायचं, दुपारी आणायचं, मधले चार तास मोकळे. त्या मोकळ्या वेळात ते घरी जाऊन रांधत, असं निकिताच सांगायची. आईचं फॅक्टरीतलं काम सुटलं नाही, ती तिथं पुढं सुपरवायझर झाली. मी निवृत्त व्हायच्या आधी एकदा त्यांच्याकडं जेवायला गेलो होतो. तिसळ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं होतं. मी वाखाणलं, तर शैलाबाई म्हणाल्या, "माका काय सांगतास? तेंका सांगा." धुरींनी आणखी एक पळी माझ्या ताटात वाढली. मी खोबरं कुठून आणता एवढंच विचारलं आणि जेवलो.

निकिता पुढं एम. ए., बी. एड. झाली. आता ती पेडणे तालुक्यात एका उच्च माध्यमिकमध्ये कंत्राटावर शिकवते, समाजशास्त्रच. कायमची जागा अजून झालेली नाही, होईल. गेल्या वर्षी तिनं मला तिच्या वर्गावर बोलावलं. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. पेडण्याच्या मुलांची घरं आता वेगळ्या प्रकारे बदलतायत. विमानतळ आला, कुणाचा भाऊ गणवेश घालून रात्रपाळीला जातो, कुणाच्या काजूच्या बागेतून रस्ता गेला. निकितानं पोदेर वापरला नाही. तिनं विचारलं, "तुमच्या घरात गणवेश कोण घालतं, आणि तो घातल्यावर घरातली माणसं त्याच्याशी कशी बोलतात?" मुलं भराभर सांगायला लागली. मला हे सुचलं नसतं. आपल्या हातून गेलेलं काम पुढं कुणीतरी आपल्याहून बरं करतंय हे बघण्याचं भाग्य सगळ्यांना मिळत नाही.

तास संपत आला तेव्हा तिनं मुलांना सांगितलं, सरांना काही विचारायचं तर विचारा. इब्रामपूरची अक्षता नावाची मुलगी उभी राहिली.

"सर, तुमी रिटायर झालास मां? मग आता तुमची भूमिका काय?"

वर्ग माझ्याकडं बघत होता, निकिताही. मी दोन-तीन उत्तरं मनात जुळवली, नवरा, बाप, ज्येष्ठ नागरिक, आणि एकही मला खरं वाटलं नाही. शेवटी म्हटलं, "मला माहीत नाही. रविवारी पार्सेला माझ्या घरी ये, वही घेऊन. तू बघ आणि मला सांग."

ती येईल असं मला वाटलं नव्हतं. पण रविवारी सकाळी आठला वडिलांच्या मोटारसायकलवरून ती उतरली, पुढच्या सोप्यावर बसली, वहीत तारीख घातली. मी लगेच उठून कामाला लागलो. अंगण झाडलं, माडांना पाणी घातलं, विहिरीजवळच्या केळी साफ केल्या, स्वतः चहा केला आणि तिलाही दिला.

माझी पत्नी सुनंदा दारात उभी राहून बराच वेळ हे बघत होती. मग ती अक्षताजवळ येऊन म्हणाली, "बाये, रोज हे आपलो कपसुद्धा उचलणत नाय. आज लिवन घेणारा इला म्हणून सगळा आंगण झाडल्यानी."

अक्षतानं माझ्याकडं बघितलं, घड्याळ बघितलं, आणि वेळ घालून तेही लिहून घेतलं.